काटा काय म्हणते?

भाड्याने खोली देण्याआधी घरमालक काय काय विचारतात, याचा मला तोवर बऱ्यापैकी अनुभव आला होता. माहेर कुठलं, नवरा काय करतो, मटण-मच्छी चालते का, पाहुण्यांची वर्दळ फार असते का. कोंढ्याच्या घरमालकांनी यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. अंगणात नाक पुढे काढलेला एक जुना ट्रक उभा होता. त्याचं दार उघडून ते म्हणाले, "चढा."

मी ट्रंक खाली ठेवली आणि चढले. शाळेतली नवी नोकरी, नवं गाव. पहिल्याच दिवशी कुणाशी हुज्जत घालू नये एवढी अक्कल मला होती. ते पलीकडून चढले, गाडी सुरू केली आणि समोरच्या पत्र्यात बसवलेल्या वाटीएवढ्या घड्याळाकडे बोट दाखवून विचारलं, "काटा काय म्हणते?"

"साठ," मी म्हटलं.

"मंग? चांगलं का वाईट?"

"चांगलंच की. शंभरात साठ म्हणजे फर्स्ट क्लास."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. डोळे पुसत घराकडे वळून त्यांनी बायकोला हाक मारली, "अवं, बाईले खोली दे! येत काईच नाई, पण बोलते बिनधास्त."

अशी मी सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी कोंढ्याला राहायला गेले. नवरा गोंदियाला नोकरीला होता, तो सुट्टीच्या दिवशी यायचा. घरमालकांना मी काका म्हणू लागले आणि त्यांच्या बायकोला काकू. काका ट्रक स्वतःच चालवत. आसगाव, कोंढा, पवनी इकडचं धान गिरणीवर पोचवायचं, परत येताना विटा किंवा छपरावर घालायचे कवेलू आणायचे, हा धंदा. गाडी लिलावात घेतलेली. ती लढाईत जाऊन आलेली आहे असं ते सांगत; कुठल्या लढाईत, ते मात्र दर वेळी बदलायचं.

त्या घड्याळाला गावात सगळे 'ऑईलचं घड्याळ' म्हणत. काका नुसतं 'काटा' म्हणत, जणू जगात दुसरा काटाच नाही. इंजिनात तेल किती जोराने फिरतंय ते तो पौंडात दाखवतो, एवढं मला पहिल्या आठवड्यात समजलं. पुढचं समजायला अख्खा हिवाळा गेला, कारण काकांच्या शिकवण्यात एक खोट होती: विद्यार्थ्याला कळलं तरी ते थांबत नसत.

"पाहा बाई," ते म्हणायचे. "सकाळी गाडी थंडी. तेल घट्ट. काटा साठावर जाऊन बसते. तवा खुश व्हायचं नाई. गाडी तापली, तेल पातळ झालं, चालतीवर काटा चाळीस. हे खरं. उभी राहिली, इंजिन हळू फिरून राहिलं, काटा पंधरा. तवा भ्यायचं नाई. पण चालत्या गाडीत पंधरा झाला तर?"

"तर भ्यायचं."

"भ्यायचं बी नाई. चाबी बंद कराची. पयले चाबी, मंग देव."

"आणि काटा हललाच नाही तर?"

हा प्रश्न मी विचारला तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी मोठी परीक्षाच पास झाले. "टिचकी माराची. तरी हलला नाई तर तो काटा मेला. गाडी चढली, उतरली, थांबली, तरी चाळीसच दाखवून राहिला तर चाळीस पाहून झोपू नोका. न हलणारा काटा ज्याले दिसला नाई, त्यानं बैल हाकावे."

ड्रायव्हरशेजारच्या जागेवर बसायचं तर काटा वाचता आला पाहिजे, हा त्यांचा कायदा होता. गाडी चालवताना आपली नजर रस्त्यावर, म्हणून आकडा शेजारच्याने मोठ्याने सांगत राहायचा. सरपंच असो की तलाठी, सवलत नाही. वाचता येत नसेल त्याने मागे पोत्यांवर बसावं. एका पशुवैद्य साहेबांनी कंटाळून, न बघताच "चाळीस, चाळीस" सुरू केलं, तर काकांनी गाडी उभी केली आणि उभ्या गाडीत विचारलं, "आता?" साहेब म्हणाले, "चाळीस." पुढचा प्रवास त्यांनी धानाच्या पोत्यांवर केला. या अशा शिस्तीपायी त्यांच्याकडे एकही किन्नर, म्हणजे गाडीवरचा मदतनीस, महिनाभर टिकत नसे.

माणसंही ते पौंडातच मोजत. मी शाळेतून दमून आले की ओट्यावरून आवाज यायचा, "बाईचे पौंड कमी दिसून राहिले, चहा टाक." शेजारच्या घरी सासू-सुनेचं वाजलं की, "सत्तरवर गेला वाटते." कुठलीही काच दिसली की त्यांचं बोट शिवशिवायचं. शाळेतल्या भिंतीवरच्या घड्याळाला टिचकी, पोस्टातल्या काट्याला टिचकी. एकदा पवनीच्या डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायला घेतला, तर यांनी दुसऱ्या हाताने त्या यंत्राच्या काचेलाही टिचकी मारली आणि वर डॉक्टरांना विचारलं, "थंडा मोजून राहिले का तापल्यावर?"

काकूंची यावर एकच तक्रार असायची. त्या तांदूळ पाखडता पाखडता म्हणायच्या, "माह्या बापानं दोन एकर धानाची बांधी पाहून मले दिलं. घड्याळ पाहिलं असतं तर नसतं दिलं."

काका चुकत नसत असं मात्र मुळीच नाही. एका साली काटा जरा खालीच राहू लागला. गाडीचं वय झालेलं, आतली बेअरिंगं झिजलेली, तेलाला ठिकठिकाणी मोकळी वाट मिळालेली, तर काटा कुठून वर राहणार! पण काकांच्या ते मनाला लागलं. त्यांनी कुणालाही न विचारता इंजिनात भलतंच घट्ट तेल ओतलं, आणि काटा टुणकन वर गेला. दोन दिवस गावभर मिरवून झालं, "गाडी जवान झाली." तिसऱ्या दिवशी गाडी अशी खडखडायला लागली की भंडाऱ्याच्या मिस्त्रीने कपाळावर हात मारून घेतला. त्यांना तो म्हणाला, "काका, काटा वर गेला कारण तेल पुढे सरकूनच नाई राहिलं. नळी दाबून धरली तर पाणी जोरात लागते, पण बांधीत किती जाते?" आठवड्याभराने हेच ज्ञान काका जन्मापासून आपल्यापाशी असल्यासारखं लोकांना वाटत सुटले. शेजारची सासू अंगावर सोनं घालून निघाली की म्हणायचे, "घट्ट तेल ओतलं बाप्पा आज."

आणि पुतण्याचं लग्न. तो किस्सा सांगितल्याशिवाय काका कळायचे नाहीत.

सख्ख्या भावाचा मुलगा, मुलगी आसगावची. वैशाखातलं ऊन. वऱ्हाड ट्रकमध्ये, नवरदेव काकांच्या शेजारी, कारण नवरदेवाला काटा वाचता येत होता. मी मागे बायकांत दाटीवाटीने बसले होते. निम्म्या वाटेवर गाडी एकदम बंद पडली, म्हणजे बंद केली गेली. पुढून नवरदेवाचा रडवेला आवाज आला, "काका, पंधरा म्हटलं तर काय झालं? आता आलंच ना आसगाव!"

"उतर," काका म्हणाले.

भाऊ धावत आला. आधी हात जोडले, मग आवाज चढवला. "अबे, मुहूर्त चुकून राहिला! थोडी तर चालव!"

काका बोनेट उघडता उघडता म्हणाले, "तुहा पोरगा उद्या बी नवरदेवच राहीन. इंजिन नाई राहणार."

वऱ्हाड बँडसकट चालत निघालं. नवरदेवाच्या बुटात बांधावरची माती गेली, करवलीला भोवळ आली, आणि मांडवात मुलीकडच्यांनी जे स्वागत केलं ते लिहिण्यासारखं नाही. मागाहून कळलं की इंजिनाला काहीच झालेलं नव्हतं. इंजिनापासून घड्याळापर्यंत तेल नेणारी जी तांब्याची बारीक नळी असते, तिचा जोड तेवढा सैल झाला होता. भाऊ म्हणाला, "पाहिलं? काई झालं नव्हतं!" काका म्हणाले, "आज निरोगी निघाली म्हणून उद्या थांबायचं नाई का?" त्यावर भावाने बोलणं टाकलं ते कित्येक वर्षं. काकांना वाईट वाटलं नाही असं नाही, पण आपलं चुकलं असं त्यांना शेवटपर्यंत वाटलं नाही. सख्ख्या पुतण्यासाठी न वाकलेला माणूस, अशी त्यांची ख्याती पंचक्रोशीत झाली आणि खरं सांगायचं तर त्यांना ती आवडत होती. चहाच्या टपरीवर ते बसले की लोक मुद्दाम गाड्यांचे प्रश्न विचारायचे आणि काका बोट वर करून उत्तरं द्यायचे. घरात त्यांना काही फार शान नव्हती, जमीन बेताची, मूलबाळ नाही. काटा वाचणारा माणूस म्हणून जी होती ती.

त्यानंतर काही वर्षांनी माझे दिवस भरत आले तेव्हा भर पावसात धानाची रोवणी चालू होती. मला आई नव्हती. बाळंतपणाला नागपूरला बहिणीकडे जायचं ठरलं होतं. पण पोटातल्या बाळाला ते ठरलेलं कुणी सांगितलं नसावं. जायच्या आधीच एका सकाळी कळा सुरू झाल्या. सुईण आली, तिने पोट चाचपलं आणि तिचा चेहरा उतरला. "पायाळू आहे," ती काकूंना म्हणाली. "पाय खाली आहेत. माह्या हातचं नाई हे. भंडाऱ्याले न्या."

नाल्यांना पाणी होतं म्हणून एसटी आलेली नव्हती. काकांनी ट्रकमधली विटांची माती झाडली.

मला मधे बसवलं, दाराकडून काकू मला धरून. म्हणजे घड्याळाशेजारी मीच. काकांनी त्या दिवशी प्रश्न विचारला नाही. पण मनाला कशात तरी गुंतवायचं म्हणून मीच सुरू केलं, "चाळीस." कळ आली की आकडाही मोठ्याने निघायचा. अड्याळपर्यंत मी "चाळीस" इतक्या वेगवेगळ्या सुरांत म्हटलं की काकू म्हणाल्या, "आता पुरे बाई, ऐकू आलं त्याले."

अड्याळच्या पुढे एका नाल्यावरून पाणी वाहत होतं. काकांनी गाडी हळूच घातली. मधोमध खालून दाणकन आवाज आला. पाण्याखालचा दगड. गाडी निघाली बाहेर, आणि थोड्या वेळाने मी म्हटलं, "तीस." मग, "पंचवीस."

काका थांबले. खाली वाकून पाहिलं. इंजिनाखाली तेल साठवणारा पत्र्याचा चेंबर असतो, तो चिरला होता. त्यांनी चिंधीला साबण फासून भेगेत कोंबली, सीटमागचा तेलाचा डबा अख्खा आत रिकामा केला, आणि आम्ही निघालो. काटा पस्तीसपर्यंत आला. मला बरं वाटलं, म्हणजे त्या अवस्थेत वाटू शकतं तेवढं. पहेला गाव मागे पडलं, आणि काटा पुन्हा उतरू लागला.

"वीस... पंधरा, काका."

चालत्या गाडीत पंधरा. पुढे काय करायचं ते मला पाठ होतं. त्यांचा हातही सवयीने चाबीकडे गेला. मी तो हात पाहिला. तो चाबीवर टेकला, तिथे जरा राहिला, आणि परत चाकावर आला.

"दहा."

दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्यांमध्ये बाया वाकून रोवणी करत होत्या. रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं. येण्याची शक्यताही नव्हती.

"काका, शून्य."

"हो. ऐकलं."

"शून्य झालं काका, बंद करा ना!" मला काय बोलतेय ते कळत नव्हतं. शिकवलेलं तेवढं तोंडातून बाहेर पडत होतं.

"बाई, आता घड्याळाकडे पाहू नोका," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, फक्त हळू. "समोर पाहा. भंडारा दिसते का ते सांगा मले."

इंजिनात ठकठक सुरू झाली. आधी कुणीतरी दार वाजवावं तशी, मग हातोड्याची. काकूंनी डोळे मिटून घेतले होते. काकांच्या गालावरून पाणी ओघळत होतं, ते घामाचं होतं की दुसरं कसलं, मी बघितलं नाही. मी समोरच पाहत होते. दवाखान्याच्या आवारात गाडी शिरली आणि एक मोठा आवाज होऊन जागच्या जागी थांबली. इंजिन जाम. ते परत फिरलं नाही.

मुलगी झाली. पायाळू, सव्वापाच पौंडांची आणि रडण्यात पटाईत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

नवरा गोंदियाहून धावत आला. मला भेटून, मुलीला पाहून झाल्यावर म्हणाला, "काकांच्या गाडीचं वाईट झालं. काटा चाळीसवर अडकला होता म्हणे, त्यांना कळलंच नाही."

मला वाटलं, याने काहीतरी चुकीचं ऐकलं.

काकू मला घेऊन कोंढ्याला परतल्या तेव्हा ट्रक आधीच ओढून आणून अंगणात ठेवलेला होता. काका इंजिन उघडून बसले होते. आणि गावात एकच विषय होता. टपरीवरचे लोक काकांना आता स्वतः धडे देत होते. "काका, काटा हलत नाई तर टिचकी माराची असते!" "काका, बैल घेता का बैल?" वऱ्हाडात पायी चालावं लागलेल्या भावाने तर कित्येक वर्षांनी बोलणं सुरू केलं, ते हसण्यासाठी. काका सगळ्यांना एकच उत्तर देत, "म्हातारा झालो बाप्पा. नाई दिसलं."

मला ते सहन होईना. मी तशीच, डोक्याला फडकं बांधलेली, अंगणात गेले. "काका, असं काय सांगताय लोकांना? काटा अडकला नव्हता. मी वाचत होते. शून्य म्हटलं होतं मी!"

ते हातातला पाना पुसत राहिले. "तुमाले कळा येऊन राहिल्या होत्या. कळांमधलं वाचलेलं धरत नाई."

मग काकूंनी मला आत ओढलं आणि समजावलं. माझ्या जावेची मोठी मुलगी जन्मली त्याच आठवड्यात घरचा बैल मेला होता. सासूबाईंनी तिला 'पांढऱ्या पायाची' म्हटलं, आणि ती पोर दहा-बारा वर्षांची झाली तरी शुभकार्यात तिला पुढे येऊ देत नसत. हे मीच कधीतरी काकूंना सांगितलं होतं, तांदूळ निवडताना. काकूंनी ते काकांच्या कानावर घातलं होतं.

"तुमची सासू येईन आता बारशाले," काकू म्हणाल्या. "अंगणात मेलेली गाडी पाहीन. पोरगी त्यात पायाळू. तुमचे काका मले दवाखान्यातच म्हणाले, 'पोरीसाठी थांबलो नाई म्हटलं तर गाडी पोरीनं खाल्ली. दिसलं नाई म्हटलं तर गाडी म्यां खाल्ली. कोणी इचारलं तर तू बी असंच सांग.'"

मी पदराने तोंड दाबून रडले. मला तेव्हा गाडीचं वाईट वाटलं नाही. त्या माणसाकडे अभिमानाची एकच गोष्ट होती, ती त्याने माझ्या चार दिवसांच्या मुलीसाठी टपरीवर फुकून टाकली होती, आणि वर रोज तिथेच चहा प्यायला जात होता.

सासूबाई आल्या त्या दुपारच्या एसटीने. पिशवी घेऊन अंगणात शिरल्या आणि तिथेच थबकल्या. ट्रकचं नाक उघडं, खाली तेलाचे डाग, बाजूला पोत्यावर काळे पडलेले भाग मांडलेले. मी मुलीला घेऊन दारात उभी होते. काकूंनी माझा दंड घट्ट धरला.

"हीच का ती गाडी?" सासूबाईंनी विचारलं.

"हो," काका उठून उभे राहिले.

"मुलगी झाली त्याच दिवशी बंद पडली?" त्यांची नजर माझ्या हातातल्या दुपट्याकडे वळली आणि तिथेच राहिली. त्या नजरेचा अर्थ मला ठाऊक होता.

"त्याच दिवशी," काका म्हणाले. "चेंबर फुटला, तेल वाहून गेलं. काटा समोरच अडकून होता, म्यां पाहिलंच नाई. माह्याच गाडीले म्यांच मारलं. पोरीचं नशीब चांगलं म्हणून तरी दवाखान्याच्या दारापर्यंत आली, नाई तर माह्या हातून काई खरं नव्हतं."

सासूबाई त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळत राहिल्या. तेलाने माखलेला सदरा, वाढलेली दाढी. मग त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी पिशवीतून चांदीचे वाळे काढले, मुलीला माझ्याकडून घेतलं, दुपटं बाजूला केलं आणि तिच्या दोन्ही पायांत ते घालता घालता काकांना म्हणाल्या, "दुसऱ्याच्या लेकीसुना घेऊन जाता, तर माणसाने जरा लक्ष ठेवावं की नाही?"

"हो ना बाई," काका म्हणाले. "ठेवाले पाहिजे होतं."